अस्सल नक्कल

एप्रिलमध्ये, तांबडं फुटायच्या आधी, अमेरिकेतल्या अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी, मिसूरी अशा राज्यांच्या रानांत लाखो माणसं झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसलेली असतात. अंगात पानाफांद्यांच्या छापाचे कपडे, तोंडाला जाळी, हातात मोजे, मांडीवर बंदूक. त्यांत वकील असतो, नळ दुरुस्त करणारा असतो, बँकेचा मॅनेजर असतो, एखाद्या चर्चचा पाद्रीही असतो. अलीकडे बायकाही असतात, पण त्यांच्यावर अन्याय नको म्हणून मी फक्त पुरुषांबद्दलच बोलणार आहे. घरात आणि कचेरीत ज्यांचं फारसं कुणी ऐकत नाही असे हे गृहस्थ त्या अंधारात एका पक्षिणीचा आवाज काढत बसतात. पक्षीण म्हणजे रानटी टर्कीची मादी. आवाज असा निघायला हवा, की समोरच्या टेकडीवरच्या नराला वाटावं, आपलं नशीब उघडलं.

हा आवाज नुसत्या गळ्यातून साधणारे विरळा. बाकीच्यांसाठी उपकरणं असतात आणि त्यांना ‘कॉल’ म्हणतात. कॉल म्हणजे थोडक्यात खोटं बोलायचं यंत्र. ‘मी मादी आहे, एकटी आहे, इकडे ये’ एवढंच खोटं त्यातून बोलायचं असतं. एवढ्याशा खोट्यासाठी लागणारं सामान दुकानात स्वस्तात मिळतं, प्लास्टिकचंही मिळतं. पण या मंडळींत एक पंथ असा आहे, की त्याला हे खोटं जुनं लागतं, हातानं घडवलेलं लागतं आणि ज्यानं घडवलं त्याची सही तळाशी लागते. खोटं चालेल, पण ओरिजिनल हवं! कुणीतरी साठ-सत्तर वर्षांपूर्वी घरामागच्या शेडमध्ये तासलेली सीडरची पेटी हा पंथ कधीकधी हजारो डॉलर मोजून घेतो, काचेच्या कपाटात ठेवतो आणि तिच्यातून निघणाऱ्या चिरक्या आवाजावर डोळे मिटून मान डोलावतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा विषय संपवला, आणि ते बरंच झालं. त्यामुळे बंदुकीच्या पुढच्या टोकाला काय होतं, यावर मी भाष्य करत नाही. माझं कुतूहल तिच्या शेजारी ठेवलेल्या त्या पेटीबद्दल आहे, आणि त्याहून जास्त, पेटी धरलेल्या माणसाबद्दल.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एक गोची आहे. टर्कीच्या समाजात वसंत ऋतूतला आरडाओरडा नरानं करायचा असतो. रात्री झाडावर मुक्काम करून तो पहाटे तिथूनच एक घोगरा ‘गॉबल’ ठोकतो. हवा शांत असली तर तो मैलभर ऐकू जातो. मग खाली उतरायचं, पिसारा फुलवायचा, पंखांची टोकं जमिनीला घासत मिरवायचं आणि वाट पाहायची. ज्या माद्यांना यायचं असतं त्या त्याच्याकडे चालत येतात. निसर्गानं नेमून दिलेला शिष्टाचार असा आहे. शिकाऱ्याचं म्हणणं याच्या नेमकं उलट: मी बसल्या जागेवरून हलणार नाही, तूच ये. नराच्या दृष्टीनं ही मागणी उद्धटपणाची असते. तरीही तो येतो, पण साठ-सत्तर पावलांवर येऊन थांबतो. बंदुकीचा भरवशाचा पल्ला चाळीस पावलांचा. तिथे पिसारा फुलवून तो उभा राहतो: इथवर मी आलो, उरलेलं अंतर बाईसाहेबांनी चालावं. बाईसाहेबांच्या पायाला मुंग्या आलेल्या असतात, मानेवर डास बसलेला असतो आणि मिशीला खाज सुटलेली असते. हा मानापमानाचा प्रयोग तासतासभर रंगतो. शेवटी नर कंटाळून निघून जातो, नाहीतर मधूनच खरीखुरी मादी उगवते आणि त्याला घेऊन जाते. आपल्या डोळ्यांदेखत आपल्यापेक्षा सरस मादी निघावी, याहून मोठा अपमान या पुरुषांच्या आयुष्यात नसतो.

बरं, हलायची सोय नाही. टर्कीची नजर भयंकर तीक्ष्ण. रंग कळतात, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान जराशी फिरवली की चहूकडचं दिसतं. वासाचं ज्ञान मात्र यथातथा. याला वास कळत असता तर आजवर एकही टर्की कुणाच्या हाती लागला नसता, असं शिकारी एकमेकांना सांगतात. बेंजामिन फ्रँकलिननं जानेवारी १७८४ मध्ये मुलीला लिहिलेल्या पत्रात गरुडाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले आणि त्याच्या मानानं टर्की हा पुष्कळ अब्रूदार पक्षी आहे, असा निर्वाळा दिला. जरा घमेंडी आणि खुळा आहे, पण धीट आहे, असंही वर म्हटलं. हे वर्णन पक्ष्यापेक्षा त्याच्या शिकाऱ्याला अधिक लागू पडतं, हे फ्रँकलिनच्या लक्षात आलं होतं की नाही, कळायला मार्ग नाही.

नराच्या डोक्यावर पिसं नसतात आणि उघडी कातडी मनःस्थितीप्रमाणे लाल, पांढरी, निळी होत राहते. या रंगबदलाचं कौतुक जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. १६१२ साली त्याचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून ज्या अजब चिजा घेऊन आला, त्यांत एक टर्कीही होता. बादशहा इतका खूश झाला, की उस्ताद मन्सूरकडून त्यानं त्या पाहुण्याचं चित्र करवून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अमेरिकन शिकाऱ्याला मात्र या तीन रंगांची धास्ती असते. लाल, पांढरं, निळं काहीही अंगावर घालून रानात जायचं नाही, खिशातून रुमालसुद्धा डोकावू द्यायचा नाही, असा दंडक आहे. दुसऱ्या शिकाऱ्याला ते नराचं डोकं वाटू शकतं. आपल्याच राष्ट्रध्वजाचे रंग मिरवणं जिवावर बेतू शकेल, अशी जागा अमेरिकेत बहुधा ही एकच असावी. आणि तिथे जाणारे सगळे कट्टर देशभक्त.

आता कॉल. यातला सगळ्यात जुना प्रकार खुद्द टर्कीच्या हाडांचा. पंखातली तीन पोकळ हाडं एकात एक बसवून नळी करायची, एक टोक ओठांत धरायचं आणि हवा फुंकायच्या ऐवजी आत ओढायची. ओठांचा मुका घेतल्यासारखा चंबू करावा लागतो. गोरे लोक यायच्या कितीतरी आधीपासून अमेरिकेचे मूळ रहिवासी हे करत आले आहेत. हाडं शक्यतो मादीची घ्यावीत, असं जाणकार सांगतात. म्हणजे एका स्वर्गवासी मादीच्या हाडांतून आजच्या नराला प्रेमाची साद. दुसरा प्रकार पाटीचा. लाकडी वाटीत गोल दगडी पाटी बसवलेली असते, तिच्यावर लाकडाची कांडी घासायची. जुन्या काळी कांडीला मूठ म्हणून मक्याचं बुरकुंडं लावत. शाळेत ज्या किरकिरीबद्दल मार बसायचा, तिच्यावर इथे बक्षीस मिळतं.

तिसरा प्रकार डायफ्रॅम. नालेच्या आकाराच्या इवल्याशा चौकटीत रबराचा पडदा ताणून बसवतात आणि ती चौकट टाळूला चिकटवून हवा सोडायची. दोन्ही हात मोकळे राहतात हा मोठा फायदा. पहिल्या आठवड्यात उलटीची भावना होते हा तोटा. रबर अतिशय पातळ आणि सगळीकडे एकसारखं लागतं, आणि तसलं रबर एका वेगळ्याच उद्योगात आधीपासून तयार होत होतं. त्यामुळे घरी डायफ्रॅम बनवणारे सज्जन औषधाच्या दुकानातून निरोधाची पाकिटं घेऊन येत. कॉलच्या कच्च्या मालात त्या जातीचं रबर अजूनही त्याच ओळखीनं विकलं जातं. वंशवृद्धीसाठी आतुर झालेल्या जीवाला बोलवायला कुटुंबनियोजनाचं साधन वापरावं, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या विनोदबुद्धीला नमस्कार.

पण या घराण्याचा राजा म्हणजे लाकडी पेटी, बॉक्स कॉल. लांबट, वरून उघडी, पातळ भिंतींची पेटी आणि तिच्यावर एका स्क्रूभोवती फिरणारं दांडीचं झाकण. झाकणाला खालून खडू लावायचा आणि ते भिंतीच्या कडेवरून हलकेच सरकवायचं. एका भिंतीवर एक मादी बोलते, दुसऱ्या भिंतीवर जरा वेगळ्या स्वभावाची दुसरी. झाकणाला रबरबँड अडकवून पेटी गदागदा हलवली तर नराचा गॉबलही निघतो. वीतभर लाकडात सगळं कुटुंब. आर्कान्सा राज्यातल्या डार्डनेल गावच्या हेन्री गिब्सननं १८९७ साली अशा पेटीचं पेटंट मिळवलं. मादीच्या आवाजावर पुरुषानं सरकारी शिक्का घेतला आणि एकाही मादीनं हरकत नोंदवली नाही. १९१४ साली या शिकारीवरचं एक गाजलेलं पुस्तक आलं, ते चार्ल्स जॉर्डनच्या टिपणांवरून एडवर्ड मॅकिल्हेनीनं तयार केलं होतं. हा मॅकिल्हेनी टबॅस्को सॉस बनवणाऱ्या घराण्यातला. पक्षी आणण्यापासून त्याच्यावर तिखट घालण्यापर्यंतची सोय एकाच घरात झाली.

पुढे अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा एम. एल. लिंच पेट्या बनवून विकू लागला. त्याच्या एका पेटीचं नावच ‘फूल प्रूफ’, म्हणजे अडाण्याच्या हातातही बिघडणार नाही अशी. गिऱ्हाइकांनी यात अपमान मानला नाही. उलट नातवंडांनी आजोबांच्या हातची म्हणून ती आजवर जपली आहे. आणि मग दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनवूडचा नील कॉस्ट. याचं नाव निघालं की पंथातली माणसं आवाज खाली आणतात. व्हायोलिन घडवणाऱ्यांत जो स्ट्रॅडिव्हेरियस, तो कॉल बनवणाऱ्यांत हा, अशी त्याची ख्याती. त्याच्या लांबलचक पेट्यांना ‘बोट पॅडल’ म्हणतात. कॉस्ट २००२ साली गेला आणि पेट्यांची आवक थांबली. मग बाजाराच्या नियमाप्रमाणे त्यांतला आवाज दर वर्षी अधिकाधिक गोड होऊ लागला.

यात नुसतं वेड आहे, असंही नाही. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे लगेच कळेल. घोडीवर कानस केसभर जास्त फिरली की तारेचा झंकार हरवतो आणि सगळं मुसळ केरात. पेटीच्या भिंतीची कडही अशीच किंचित गोल, किंचित उतरती तासायची असते. भिंत जाड राहिली तर आवाज बद्द, फार पातळ झाली तर किरटा. भिंतींना एक लाकूड, झाकणाला दुसरं: सीडर, अक्रोड, महोगनी, चेरी, पॉपलर यांची गोत्रं जुळवत बसायचं. कारागीर तासतो, वाजवतो, कान देतो, पुन्हा तासतो. एकाच फळीतून निघालेल्या दोन पेट्या दोन वेगळे आवाज काढतात. म्हणून जुने शिकारी पेटी हातात घेऊन वाजवतात, थोडा वेळ गप्प राहतात आणि सांगतात, हिच्यात टर्की आहे. किंवा परत ठेवत म्हणतात, हिच्यात नाही. कुठल्या मापात आहे, कशानं आहे, हे सांगता येत नाही. फूटपट्टीनं पेटीची हुबेहूब प्रत काढणाऱ्याला फक्त पेटी मिळते.

भाषाही सोपी नाही. ‘येल्प’ म्हणजे साधी हाक. ‘क्लक’ म्हणजे ‘कुठे आहेस?’ ‘पर’ म्हणजे चरून तृप्त झाल्याची गुरगुर. ‘कटिंग’ म्हणजे चढ्या आवाजातला तक्रारीचा पाढा. आणि ‘पट’ म्हणजे धोका. क्लक आणि पट यांत अंतर फार थोडं. हात जरासा जड पडला की ‘कुठे आहेस?’ विचारायच्या ऐवजी ‘पळ, इथे माणूस आहे!’ असं खणखणीत सांगितलं जातं, आणि आतापर्यंत एकही गोष्ट न ऐकणारा नर ही गोष्ट मात्र ताबडतोब ऐकतो. नवशिक्याचा दुसरा दोष बडबड. नरानं एक उत्तर दिलं की याला राहवत नाही, तो येल्पवर येल्प लावतो. नराच्या अनुभवात कुठलीही मादी इतकी उतावीळ नसते, त्यामुळे त्याला संशय येतो. म्हणून जुनेजाणते सांगतात: दोन हाका मार, पेटी खाली ठेव, गप्प बस. इतक्या हौसेनं घेतलेल्या वाद्याचा खरा उस्ताद तो, जो ते वाजवायचं थांबतो. टॉम केली या अलाबामाच्या लेखकानं १९७३ साली या मंडळींवर एक पुस्तक लिहिलं, त्याला नाव दिलं ‘टेन्थ लीजन’. ज्युलियस सीझरच्या लाडक्या पलटणीचं नाव. झाडाखाली बसून मादीचा आवाज काढणाऱ्यांना रोमन सैनिकांच्या पंक्तीला बसवणं हे लेखकाचं धाडस, आणि पंक्तीला बसलेल्या एकानंही ताट नाकारलं नाही.

संग्राहकाचे नियम मात्र शिकाऱ्यापेक्षा कडक. झाकणाला सँडपेपर लावायचा नाही. स्क्रू फिरवायचा नाही. कारागिरानं तो जिथे सोडला तिथे त्याचा शेवटचा शब्द झाला. कडेला घामट बोट लागू द्यायचं नाही. खडू तेलकट नसलेला हवा. फळ्यावर धूळ उडू नये म्हणून ज्यात काहीबाही मिसळलेलं असतं, तो शाळेचा खडू वर्ज्य. धूळ न उडवणं हा शाळेतला सद्गुण इथे महापाप ठरतो. पेटी पुसून चकचकीत करणं तर त्याहून वाईट. तंबाखूचे डाग, हाताच्या घामानं काळवंडलेली दांडी, मारलेल्या प्रत्येक नरामागे चाकूनं पाडलेली खाच, आत पेन्सिलीनं लिहिलेली तारीख, आडनावाचं आद्याक्षर, या सगळ्यांनी किंमत चढते. घरात इतर कुठल्याही वस्तूवर असा मळ दिसला असता तर ती भंगारात गेली असती.

आणि मग येतो खोट्या सहीचा प्रश्न. जिथे भाव चढतो तिथे भेसळ शिरते. कुणीतरी बऱ्यापैकी पेटी बनवतो, चहाच्या पाण्यात किंवा धुरात तिचं वय वाढवतो आणि तळाशी एखाद्या दिवंगत उस्तादाची सही ठोकतो. मग जाणकार जमतात, भिंगं निघतात, स्क्रूची जात तपासली जाते, अक्षराची वळणं ताडून पाहिली जातात. आणि पेटी बनावट ठरली की जो संताप उसळतो तो पाहण्यासारखा असतो. फसवणूक! विश्वासघात! लोकांना काही लाज उरलेली नाही! हे कोण म्हणतं? तर भल्या पहाटे झुडपात लपून, अंगाला पानं लावून, मादी असल्याचं भासवून एका निरागस पक्ष्याला बोलावणारा गृहस्थ. फसवणुकीचं साधन फसवं निघता कामा नये, ही त्याची नीतिमत्ता आहे आणि ती अत्यंत प्रामाणिक आहे.

अशी मोलाची पेटी मिळाल्यावर ती रानात न्यायची का? इथे पंथात दोन तट आहेत. एक म्हणतो, पेटी वाजवायला जन्मली, तिला कपाटात कोंडणं म्हणजे तिचे हाल. दुसरा काही म्हणत नाही, फक्त किल्ली खिशात घालतो. रानात पाऊस असतो, आणि खडू ओला झाला की पेटी मुकी होते. त्यावरचा परंपरागत उपाय म्हणजे पावाच्या लाद्यांची प्लास्टिकची पिशवी. ज्या पेटीसाठी बँकेतल्या पैशांना हात लावावा लागला, ती पावाच्या पिशवीत घालून चिखलातून न्यायची, घाईत झाडाखाली विसरायची आणि मग संध्याकाळी टॉर्च घेऊन सगळी झाडं एकसारखी का दिसतात यावर विचार करत हिंडायचं. त्यापेक्षा नको. म्हणून बरेच संग्राहक रानात साधा, स्वस्त, नवा कॉल नेतात आणि जुनी पेटी घरी ठेवतात. परिणामी जिच्यात सगळ्यात जास्त टर्की आहे, ती पेटी टर्कीच्या कानावर कधीच पडत नाही. ती ऐकतात फक्त घरी आलेले पाहुणे. त्यांच्या पुढ्यात ती कपाटातून निघते, दोन येल्प होतात, पाहुणे ‘वा’ म्हणतात आणि कुत्रा उठून दुसऱ्या खोलीत जातो.

आता ज्याच्यासाठी हे सगळं, त्या श्रोत्याची अभिरुची पाहा. वसंतात अंगात आलेला नर मादीच्या हाकेलाच ओ देतो असं नाही. तो घुबडाच्या घूत्काराला गॉबल देतो. कावळ्याला देतो. ढगांच्या गडगडाटाला देतो. मोटारीचं दार आपटलं तर त्यालाही देतो. नर कुठे आहे हे कळावं म्हणून शिकारी आधी घुबडाचा आवाज काढतात, तो याचमुळे. मोटारीच्या दाराला मनापासून उत्तर देणाऱ्या या रसिकासाठी स्ट्रॅडिव्हेरियस! आणि त्यात भर म्हणजे खरी मादी बेसूर असते. कुठल्याही अनुभवी शिकाऱ्याला विचारा. तो सांगेल, की रानात सर्वांत वाईट आवाज ऐकू आला, लय चुकली, मधेच घसा बसल्यासारखा झाला, तर बंदूक सावर, ती खरी मादी आहे. फार सुरेल, फार मापात येल्प आला तर तो पलीकडच्या झाडाखालचा माणूस. असे दोन सुरेल पुरुष एकमेकांना मादी समजून सगळी सकाळ परस्परांना आळवत बसले, अशा हकिकती या मंडळींत पुष्कळ आहेत. दोघेही नंतर एकमेकांच्या पेट्यांची चौकशी करतात.

कायद्यानंही या गमतीत आपला वाटा उचलला आहे. बहुतेक राज्यांत टर्कीच्या शिकारीसाठी यंत्रावर ध्वनिमुद्रित आवाज वाजवायला बंदी आहे. म्हणजे खऱ्या मादीचा खरा आवाज ऐकवलात तर गुन्हा, आणि माणसानं लाकडावर खडू घासून काढलेली नक्कल मात्र पूर्ण कायदेशीर. नक्कल स्वतः, स्वतःच्या हातानं, घाम गाळून करावी, असा कायद्याचा आग्रह. संग्राहकांना हा कायदा अत्यंत न्याय्य वाटतो.

त्यांच्या या हळवेपणाचं एक कारण मला इतिहासात सापडतं. गिब्सननं पेटंट घेतलं तेव्हा अमेरिकेतली जंगलं भराभर तुटत होती आणि बेसुमार शिकारीनं टर्की संपत चालले होते. १९३० च्या दशकात सगळ्या देशात मिळून ते दोन लाखांच्या आसपास उरले असावेत, असा अंदाज आहे. म्हणजे आज ज्या पेट्यांना सोन्याचा भाव आहे, त्यांतल्या सर्वांत जुन्या पेट्या ऐकायला कुणी नसताना घडवल्या गेल्या. गावात एखादा म्हातारा त्यात रमायचा, आपल्यापुरती एक पेटी करायचा, मित्राला एक द्यायचा. महिनोन्‌महिने पेटी वाजवायची आणि समोरून काही यायचं नाही. नंतर पक्षी वाचवायची मोहीम निघाली. आधी सरकारी खुराड्यांत टर्की वाढवून रानात सोडून पाहिले. दिसायला हुबेहूब टर्की, पण त्यांना रान ठाऊक नव्हतं. कोल्ह्यांची आणि घुबडांची चंगळ झाली, टर्की काही वाढले नाहीत. तेव्हा सगळ्यांना कळून चुकलं, की इथे नक्कल चालत नाही, अस्सल रानटी पक्षीच हवेत. १९५० च्या दशकात तोफेनं फेकायची जाळी आली. दाणे टाकायचे, लपून बसायचं, पक्षी जमले की बार उडवून त्यांच्यावर जाळं फेकायचं आणि धरलेले पक्षी दुसऱ्या राज्यात नेऊन सोडायचे. विस्कॉन्सिननं १९७६ साली मिसूरीकडून टर्की घेतले आणि बदल्यात आपल्याकडचे ग्राउस पक्षी दिले. दोन सुधारलेली राज्यं कोंबडीला कोंबडी या हिशेबानं व्यवहार करत होती आणि तो दोघांनाही लाभला. या शतकाच्या सुरुवातीला टर्कींची संख्या साठ लाखांच्या पुढे गेली होती. या कामात शिकाऱ्यांचाच पैसा आणि घाम मोठा होता. १९७३ साली स्थापन झालेल्या नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशनचं मुख्यालय दक्षिण कॅरोलायनातल्या एजफील्डला आहे, आणि तिथे कॉलचं संग्रहालयही आहे. पक्षी वाचावा म्हणून झटायचं आणि वाचल्यावर त्याला फसवायला बसायचं, यात त्यांना विसंगती दिसत नाही. प्रेम म्हटलं की ते थोडं स्वार्थी असणारच.

दर वर्षी फेब्रुवारीत हे फेडरेशन नॅशव्हिलला मोठा मेळावा भरवतं. पेट्या घडवणाऱ्यांची स्पर्धा असते, कोरीव आणि रंगवलेल्या कॉलची असते आणि मुख्य म्हणजे आवाज काढणाऱ्यांची असते. एकेक गडी व्यासपीठावर येतो आणि सांगितला तो आवाज काढतो: येल्प, क्लक, पर, झाडावरून उतरतानाचा कलकलाट. परीक्षक पडद्याआड बसतात, म्हणजे नाव बघून गुण द्यायला नकोत. सभागृहात हजारो माणसं श्वास रोखून ऐकतात. परीक्षकांत एकही टर्की नसतो. नेमला तर पंचाईत होईल. खरी मादी स्पर्धेत उतरली तर पहिल्या फेरीत बाद होईल, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बाहेर पार्किंगमध्ये कुणी मोटारीचं दार आपटलं तर नर पंच त्यालाच सुवर्णपदक देऊन मोकळा होईल.

तेव्हा ही नक्कल कुणाच्या कानासाठी आहे, हे उघड आहे. टर्की फसतो तो नकळत, आणि फार तर एकदा. दुसऱ्यांदा फसायला तो उरत नाही. संग्राहक दर फेब्रुवारीत फसायला येतो, जाणूनबुजून, घासाघीस करून आणि पावती घेऊन. आजूबाजूला शंभर पेट्या किरकिरत असतात. त्या गलक्यात त्याला कुठूनतरी एक येल्प ऐकू येतो, जरासा खरबरीत, शेवटाला किंचित बसलेला, चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या कुणा सुताराच्या हातचा. तो थबकतो, मान वळवतो, छाती फुगवतो आणि नाकासमोर चालू लागतो, पाकीट उघडत. टर्कीला निदान साठ पावलांवर थांबायची अक्कल असते.